मिठाचा पुडा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला बोलायचंय ते न बोलण्याबद्दल. समोर काहीतरी चुकीचं चाललेलं असतं, चारचौघांना दिसत असतं, आणि चारचौघं गप्प. खून-दरोड्याचं म्हणत नाही मी. रोजचंच. रांगेत मध्ये घुसणारा, एसटीत म्हातारी माणसं उभी असताना झोपेचं सोंग घेणारा तरणा गडी, सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट टेकवणारा दुकानदार. त्या चॉकलेटांचा मला भारी राग आहे. एकदा मी तसली पंधरा-वीस साठवून त्याच दुकानात बिलापोटी द्यायला नेली. घेतली नाहीत! असो.

तर माणसं गप्प का बसतात? यावर शिकलेल्या लोकांनी पुष्कळ डोकं चालवलंय. सुरुवात झाली न्यूयॉर्कमधून. 1964 साली तिथं किटी जिनोव्हीज नावाच्या तरुणीचा पहाटे घराजवळच खून झाला. तिथल्या एका बड्या वर्तमानपत्रानं छापलं, की 38 शेजारी बघत राहिले आणि हल्ला चालू असताना एकानंही पोलिसांना फोन केला नाही. जगभर गाजली ती बातमी. आणि 2016 साली त्याच वर्तमानपत्रानं कबूल केलं, की ती फार फुगवलेली होती, फोनही झाले होते. आता बघा, गप्प बसणाऱ्यांची गोष्ट इतकी वर्षं सगळ्यांनी सांगितली, आणि ‘हे खरं का हो?’ असं विचारायला बराच काळ फारसं कुणी पुढं आलं नाही.

पण त्या बातमीमुळं डार्ली आणि लॅटाने हे दोन मानसशास्त्रज्ञ कामाला लागले. 1968 साली त्यांनी एक प्रयोग छापला. खोलीत एक विद्यार्थी फॉर्म भरतोय. झरोक्यातून धूर यायला लागतो. खोलीत एकटाच असेल, तर चारांतले तीन जण उठून सांगायला गेले. पण शेजारी दोन माणसं बसवली, धूर दिसूनही काही झालंच नाही असं दाखवणारी, तर दहांतला एक उठला. पुन्हा सांगते. एकटे असताना चारांतले तीन. दोन गप्प माणसं शेजारी असताना दहांतला एक. बाकीचे खोकत, डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. त्यांना धूर दिसत नव्हता असं थोडंच आहे! पण शेजारच्याचा चेहरा शांत होता ना.

आपल्याकडं याला आणखी एक फोडणी असते, ओळखीची. आपल्या गावात शेजारचा माणूस अनोळखी नसतो. उद्या त्याच्याच दारात जायचं असतं, त्याच्याच पाहुण्याकडं सोयरीक असते. शिवाय ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपल्याला बाळकडूत पाजलेलं. साक्षीदार म्हणून नाव लागलं की तारखा सुरू. अपघात झाला तरी लोक लांबूनच जातात ते यामुळं. खरं तर मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, आणि तिच्यावरून 2020 साली आलेल्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. नाव सांगायची सक्ती नाही, हे लक्षात ठेवा. पण मला आज सांगायचंय ते रेशनच्या दुकानाचं.

गावाचं नाव सांगत नाही. मी अंगणवाडीत सत्तावीस वर्षं काढली, मुलांना ‘नेहमी खरं बोलावं’ शिकवण्यात. आमचं केशरी कार्ड, घरात दोघंच, म्हणजे माणशी पाचप्रमाणे दहा किलो धान्य. 2023 चा पावसाळा होता. त्या जानेवारीपासून हे धान्य फुकट झालं होतं, आणि फुकट झाल्यापासून रांग जास्तच मुकी झाली होती. आधी दोन-तीन रुपये किलोनं का होईना, पैसे देत होतो, तर चार शब्द कुरकुरायचो. आता कुणी तोंड उघडलं की मागचाच म्हणायचा, ‘फुकटचं मिळतंय, गप घ्या की.’ अहो, 2013 चा कायदा आहे, हक्क आहे तो. पण फुकट या शब्दानं माणूस दबतो.

कमी मिळतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी जाऊन डबा भरला की कळायचंच. अंगठा लावला की मशीनवर वीस किलो, पिशवीत अठरा. पावती मागितली तर ‘कागद संपलाय.’ जास्त विचारलं तर ‘वरूनच पोतं कमी येतं, मी काय घरचं घालू?’ आणि आम्ही सगळे कुठं बघायचो? काट्याच्या लाल आकड्यांकडं. माझं मत विचाराल तर ती जुनी लोखंडी वजनंच बरी होती. बुडाशी शिसं, त्यावर शिक्का, हातात घेऊन बघता यायचं. लाल आकडा दिसला की माणसाला वाटतं आता बोलण्यासारखं काही उरलं नाही.

माझ्या पुढं एक मावशी होत्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. घरात चार माणसं, वीस किलो. त्यांनी पिशवी काट्यावर ठेवली, आकडा आला वीस. दुकानदार म्हणाला, ‘उचला.’ मावशींनी उचलली नाही. कनवटीची नोट काढली आणि म्हणाल्या, ‘अण्णा, एक मिठाचा पुडा द्या.’

त्याचं शेजारीच किराणा दुकान. त्यानं पुडा दिला, सुट्टे परत दिले. मावशींनी पिशवी खाली घेतली आणि तो पुडा, त्याच्याच दुकानातला, बंद, वर एक किलो छापलेला, अलगद काट्यावर ठेवला.

लाल आकडे हलले. एक किलो शंभर.

मावशी म्हणाल्या, ‘अण्णा, तुमच्या मिठात शंभर ग्रॅम जास्तीचं हाय व्हय? मग आनी दोन द्या.’

दुकानात आवाज नाही. पत्र्यावर पाऊस तेवढा. दुकानदार म्हणाला, ‘कंपनी भरत असंल जास्त.’ मावशी म्हणाल्या, ‘मग साखरंचा पुडा ठिवून बघा.’ एवढ्यात मागं एक पोरगं फिसकन हसलं. त्याच्या आईनं त्याला चापटी मारली खरी, पण तिलाही हसू आवरेना. मग दुसरी हसली. हसू फिरलं तशी सगळ्यांची तोंडं एकमेकांकडं वळली, आणि प्रत्येकाला दिसलं की हे सगळ्यांनाच माहीत होतं! मागनं एक आजोबा म्हणाले, ‘माझं मगाशी नेलेलं परत मोजा.’ दुकानदारानं काट्याची तबकडी उचलून खाली काहीतरी खटपट केली, म्हणाला, ‘खडा अडकला होता.’ पुडा परत ठेवला. एक किलो. फक्त एक किलो.

मावशींना दोन किलो जादा घालून मिळाले. माझी पिशवी पूर्ण दहा किलोची भरली, बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा. श्रोतेहो, पिशवी भरून घेणाऱ्यांत मी होते. बोलणाऱ्यांत नव्हते. सत्तावीस वर्षांचं ‘खरं बोलावं’ माझ्या घशाशी येऊन तिथंच बसलं होतं.

बरं, मावशींचं कौतुक झालं असं समजू नका. वाटेनं दोघीजणी म्हणाल्या, ‘लई तोंडाळ बाई.’ पुढच्या महिन्यात मावशींचा अंगठा तीनदा ‘लागला नाही’, सर्व्हर बंद म्हणून त्यांना दोन हेलपाटे पडले. तेव्हाही रांगेत आम्ही सगळे होतो. पहिल्यांदा कुणीतरी बोललं ते सगळ्यांना आवडतं. त्याची किंमत त्यानं एकट्यानं द्यावी, हेही सगळ्यांना चालतं.

मी मावशींना गाठलं. म्हटलं, मावशी, तक्रारीचा नंबर असतो, 1967, रेशनसाठीच. आणि वजनकाटा दर वर्षी वैधमापनवाल्यांकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, तो शिक्का बघा. 1967. मी चिठ्ठीवर लिहूनही दिला.

मावशींनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या, ‘ताई, मला कुठं वाचता येतंय. तुम्हीच लावा की फोन.’

मी लावला. पण लगेच नाही. मध्ये दोन महिने गेले. ती चिठ्ठी देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याखाली होती, आणि रोज सकाळी मला दिसत होती.

नमस्कार.