चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेले दोन शब्द

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती सकाळी सहा वाजता ज्यांनी एक तरी फेरी मारली आहे, त्यांना मधुमेहात चालणे हितकर असते हे मी दादरमध्ये येऊन सांगण्याची गरज नाही. समोरचे कितीतरी चेहरे मी त्या फेरीत पाहिलेले आहेत. माझे म्हणणे वेगळे आहे. आम्ही डॉक्टर मंडळी चिठ्ठीवर गोळीचे नाव लिहितो, ती किती मिलिग्रॅमची ते लिहितो, जेवणाआधी की जेवणानंतर तेही लिहितो, आणि अगदी तळाशी, सहीच्या जरा वर, ‘व्यायाम करा’ हे दोन शब्द लिहून मोकळे होतो. वेळ नाही, मात्रा नाही, सावधगिरीची सूचना नाही. रक्तातील साखरेवर व्यायामाचा परिणाम औषधासारखाच होतो असे आपण मानतो, तर त्याची नोंदही औषधासारखीच झाली पाहिजे, हा माझा आग्रह आहे.

हा आग्रह मला पुस्तकातून मिळालेला नाही. तो माझ्याच चुकीतून आला आहे, म्हणून ती हकीकत आधी सांगतो. बँकेतून निवृत्त झालेले, इथल्याच एका चाळीत राहणारे एक काका माझ्याकडे येत असत. दहा वर्षांचा मधुमेह होता, ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती आणि साखर हळूहळू वर सरकत होती. मी चिठ्ठीवर ‘गोळी नाश्त्याआधी’ असे लिहिले आणि खाली ते दोन शब्द लिहिले. काका आयुष्यभर खातेवह्या जुळवलेले गृहस्थ. सांगितलेले अक्षरशः पाळायचे हा त्यांचा स्वभाव. ते पहाटे पाचला उठू लागले, विसरायला नको म्हणून उठल्याबरोबर गोळी घेऊ लागले, आणि पार्काला चार भरभर फेऱ्या मारून, घरी परतून, स्नान आणि पूजा आटोपून साडेआठला पोहे खाऊ लागले. माझी एकही सूचना त्यांनी मोडली नव्हती.

पहिले दोन आठवडे आकडे छान आले आणि आम्ही दोघेही खूश होतो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिसऱ्या फेरीत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते कट्ट्यावर बसून असंबद्ध बोलू लागले. जवळून जाणाऱ्यांना ते प्यायलेले वाटले. माणसे त्यांच्यापासून लांब सरकली, ही गोष्ट मला आजही बोचते, कारण साखर उतरलेल्या माणसाचे दिसणे आणि नशेतल्या माणसाचे दिसणे यांत वरवर फारसा फरक नसतो. उद्यान गणेशाचे दर्शन घेऊन परतणाऱ्या एका बाईंच्या घरात मधुमेह होता. त्यांनी ओळखले आणि हातातला प्रसादाचा पेढा काकांना भरवला. काका शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून ते योग्यच झाले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. पेढ्याऐवजी साखरेचे पाणी मिळाले असते तर अधिक चांगले, कारण खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो. त्या दिवशी दुपारी काका दवाखान्यात आले, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही लिहिलंत तसंच केलं. माझं कुठे चुकलं, ते सांगा.” त्यांचे कुठेच चुकले नव्हते.

काय झाले होते, ते पाहा. स्नायूच्या पेशीत साखर आत नेणारी ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिने एरवी पेशीच्या आत दडलेली असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. टाइप २ मधुमेहात हा निरोप नीट पोहोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावू लागला की तीच प्रथिने दुसऱ्या एका संकेताने, इन्सुलिनची वाट न पाहता, वर येतात, आणि ही दुसरी वाट मधुमेहातही बऱ्याच अंशी शाबूत असते. चालण्याने साखर उतरते ती यामुळे. निरोगी माणूस चालू लागला की त्याचे इन्सुलिन आपोआप कमी होते आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, म्हणून तोल टिकतो. काकांच्या गोळीने मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडले होते. यकृताचा हात त्यामुळे आखडला गेला, इकडे स्नायू साखर ओढतच राहिले आणि पोट रिकामे होते. इन्सुलिन सोडायला भाग न पाडणारी मेटफॉर्मिनची गोळी एकटीच चालू असती तर असे सहसा घडले नसते.

यात नवे काही नाही. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि इन्सुलिनमुळे वाचले होते. व्यायामाने इन्सुलिनचा प्रभाव वाढतो हे त्यांनी 1926 मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहून ठेवले आहे. आणखी मागे जायचे तर सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराच्या, निर्धन रुग्णाला अनवाणी, छत्रीशिवाय, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालायला सांगितले आहे. मला त्यात मोलाचे वाटते ते हे की सुश्रुताने मात्रा लिहिली. अनवाणी चालण्याचा भाग मात्र आज कोणी पाळू नये. तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाला खडा टोचलेला कळत नाही आणि त्यातूनच पाय गमावण्याची वेळ येते.

व्यायामाने साखर नेहमी उतरतेच असेही नाही. टाइप १ मधुमेह असलेली, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनत नसल्याने ते टोचून घेणारी, कबड्डी खेळणारी एक महाविद्यालयीन मुलगी माझ्याकडे येत असे. सरावाच्या दिवशी तिची साखर उतरायची आणि सामन्याच्या दिवशी दोनशेच्या वर जायची. आईला वाटायचे, मुलगी मैत्रिणींबरोबर चोरून वडापाव खाते. मुलीने काहीही खाल्लेले नसायचे. चढाईला जाताना अंगात उसळणारे ॲड्रेनलिन यकृतातून साखर बाहेर काढते, आणि ती स्नायूंच्या गरजेहून अधिक असते. पूल धावत ओलांडून लोकल पकडणाऱ्याची साखरही तेवढ्यापुरती अशीच चढू शकते. त्याने घाबरू नये. खरा धोका त्या मुलीला रात्री होता. दिवसा रिकामे झालेले स्नायूंतले साठे रात्रभर रक्तातली साखर ओढून भरले जातात, म्हणून पहाटे दोन-तीनच्या सुमारास तिची साखर उतरायची. सामन्यानंतर चढलेल्या आकड्यावर जादा इन्सुलिन घेतले असते तर ती रात्र कठीण गेली असती.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहाच मिनिटे उरली आहेत आणि व्याख्यानाचा जो मुख्य विषय जाहीर झाला होता, त्याला मी आता हात घालतो आहे, तेव्हा भरभर सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. न्यूझीलंडमध्ये टाइप 2 मधुमेहाच्या 41 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून कधीही सलग तीस मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर 22 टक्के. आपली शतपावली हीच. रात्री उशिरा भात-आमटी जेवून थेट गादीवर आडवे होणाऱ्या या शहराला तिची सर्वांत अधिक गरज आहे.

दुसरी मात्रेची. आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालणे, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. एकदा केलेल्या व्यायामाचा परिणाम साधारण एक ते तीन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांहून अधिक खाडा होऊ देऊ नये. त्याखेरीज आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र छापून दाखवले होते की दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3 असूनही चरबीचे प्रमाण एकाचे 21.2 आणि दुसऱ्याचे 9.1 टक्के होते. जास्त चरबी आपल्या माणसाची होती. साखर साठवायला आपल्याकडे स्नायू मुळातच कमी, तेव्हा ते राखलेच पाहिजेत.

तिसरी सावधगिरीची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी साखर मोजून निघावे. ती 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच धावू नये, कारण ते लवकर शोषले जाते. साखर 250 च्या वर असून लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी द्रव्ये, असतील तर व्यायाम करू नये. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आलेल्यांनी जड वजन उचलू नये. गोळीचे प्रमाण स्वतःच्या मनाने बदलू नये, डॉक्टरांकडून ते लिहून घ्यावे.

काकांना मी त्याच दुपारी नवी चिठ्ठी दिली. गोळी निम्मी केली आणि नाश्त्याच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायला सांगितली. फेऱ्या नाश्त्यानंतर पाऊण तासाने, चारऐवजी तीन. रात्री जेवण झाल्यावर चाळीच्या गॅलरीत पंधरा मिनिटे. पायात मोजे आणि बंद बूट, खिशात ग्लुकोजची पुडी आणि मधुमेह असल्याचे लिहिलेले कार्ड. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारले, “आणि जुलैत पाऊस लागला की?” मी चिठ्ठी परत घेतली आणि खाली लिहिले: पावसाळ्यात दोन्ही वेळा गॅलरीतच.