पाहुणा शब्द घरचा कधी होतो?

एखादा नवा शब्द आपण ऐकतो, दोनदा म्हणून पाहतो, कुणी अर्थ विचारला तर सांगतोही. मग तो शब्द 'आला' असं आपण धरून चालतो. मला आज सांगायचं आहे ते असं, की त्या घटकेला तो शब्द नुसता आठवत असतो. बाकीच्या शब्दांत मिसळायला त्याला बहुधा एक रात्र लागते.

हे ओळखायचं कसं? बोललेला शब्द कानावर एकदम पडत नाही, आवाजामागून आवाज येतो. 'पाक' एवढं ऐकलं की मनात पाकळीही जागी होते आणि पाकीटही. दोघांची चढाओढ लागते, पुढचा आवाज आला की एक मागे हटतो. आता समजा, तुम्हाला 'पाकळूस' असा एक बनावट शब्द शिकवला. तो खरोखर इतर शब्दांत जाऊन बसला असेल, तर 'पाकळी' ओळखायला आता किंचित उशीर व्हायला हवा, कारण वाटेत नवा प्रतिस्पर्धी उभा आहे. हा उशीर सेकंदाच्या लहानशा अंशाचा असतो, पण मोजता येतो. नव्या शब्दाची परीक्षा घ्यायची, ती जुन्या शब्दाला विचारून! मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

निकोला ड्यूमे आणि गॅरेथ गॅस्केल या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजीत नेमकं हेच केलं. 'कथीड्रल' (मोठं चर्च) या खऱ्या शब्दाच्या शेजारी 'कथीड्रूक' अशा धर्तीचे बनावट शब्द. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला ते सकाळी 8 वाजता शिकवले, दुसऱ्याला रात्री 8 वाजता. बारा तासांनी पाहिलं, तर रात्रीच्या गटात चढाओढ दिसली. दिवसभर जागा राहिलेल्या सकाळच्या गटात नाही. त्या गटात ती दिसली दुसऱ्या दिवशी, म्हणजे झोप झाल्यावर. पुढे, 2010 मध्ये, झोपेतल्या मेंदूलहरी नोंदवल्या गेल्या. स्पिंडल नावाच्या जलद लहरींचे झटके ज्यांच्या झोपेत जास्त, त्यांच्यात नवे शब्द जुन्यांत अधिक मिसळलेले आढळले.

याचा खुलासा असा करतात: हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या आतला भाग नवी गोष्ट चटकन टिपून ठेवतो, आणि झोपेत ती पुन्हा पुन्हा जागवली जाऊन मेंदूच्या बाह्यपटलात हळूहळू मुरते. सावकाश मुरते म्हणूनच जुन्या ज्ञानाची मोडतोड होत नाही. नवा शब्द आणि त्याच्यासारखा जुना शब्द आलटून पालटून ऐकवले, तर त्याच दिवशीही चढाओढ दिसू शकते, असंही पुढे आढळलं. तेव्हा झोप हा एकमेव रस्ता आहे असं मी म्हणणार नाही.

आता पूर्वज्ञान. ज्या शब्दाला ओळखीचे शेजारी असतात, म्हणजे त्याच्यासारखे ऐकू येणारे शब्द आधीच माहीत असतात, तो पहिल्या दिवशी सोपा जातो. उंदरांवरच्या 2007 च्या एका प्रयोगात तर असं दिसलं की कोणत्या चवीचं खाणं कोणत्या जागी मिळतं याचा आराखडा आधीच पक्का असेल, तर चव आणि जागेची नवी जोडी एकाच फेरीत शिकली जाते आणि 48 तासांत हिप्पोकॅम्पसवाचूनही टिकते. मग चिंता वाटते: ज्याच्याकडे शब्द भरपूर, त्यालाच आणखी मिळणार? कमी शब्द घेऊन शाळेत येणाऱ्या मुलाचं काय?

इथे मला मनापासून दिलासा देणारं एक निरीक्षण आहे. मुलांना आणि मोठ्यांना बनावट शब्द शिकवले. काहींना ओळखीचे शेजारी होते, काहींना एकही नव्हता. शेजारी असलेल्या शब्दांची आघाडी मोठ्यांमध्ये टिकली. मुलांमध्ये मात्र मधल्या रात्रींनंतर ती ओसरली. एकटे शब्दही बरोबरीला आले. मुलांची गाढ झोप मोठ्यांपेक्षा जास्त असते, ते कारण असावं असं संशोधकांना वाटतं. म्हणून शिकवलेल्या शब्दांची चाचणी त्याच संध्याकाळी घेऊन एखाद्या मुलाला कच्चं ठरवलं जातं, तेव्हा मला वाईट वाटतं. त्याचं अर्धं शिकणं अजून व्हायचंच असतं.