रविवारच्या पेपरातली ती चौकट

(न्यू जर्सीतल्या मराठी छोट्या उद्योजकांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत शिरताना दारातच एका काकांनी मला गाठलं. म्हणाले, "आमच्या मुलाचं ग्रीन कार्ड करायचंय, किती दिवस लागतील?" मुलगा म्हणजे त्यांचा मुलगा नव्हे. त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं काम करणारा साताऱ्याकडचा एक पोरगा. हुशार आहे, प्रामाणिक आहे, घरच्यासारखा झालाय. मी म्हटलं, काका, पुढच्या रांगेत बसा, कारण आजचं सगळं भाषण तुमच्या प्रश्नातल्या 'मुलाचं' या एका शब्दावर आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याला तो मुलगा दिसतच नाही. त्याला दिसते तो बसतो ती खुर्ची. ती खुर्ची खरी आहे का, तिचा पगार योग्य आहे का, आणि तिच्यावर बसायला इथला कुणी तयार आहे का, एवढंच ते विचारतं.

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. एचआरमध्ये वीसेक वर्षं ही कागदपत्रं हाताळली, त्यातल्या ठेचा तुम्हाला दाखवायला आलोय. वकील ठेवावाच लागेल. पण वकील फॉर्म भरतो आणि सही मालकाची असते.

थोडा इतिहास. १९५२ च्या कायद्यात परक्या कामगाराला येऊ द्यायचं, आणि कामगारमंत्र्याने हरकत घेतली तरच अडवायचं, अशी रीत होती. १९६५ च्या कायद्याने हे उलटं केलं. आता अडवणं हा नियम झाला, आणि दार उघडायचं असेल तर कामगार खात्याचा दाखला आणायचा. लेबर सर्टिफिकेशन म्हणतात ते हेच. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, काढायचं तर सुरुवात सहसा इथून होते. दाखल्यात दोन गोष्टी असतात: या कामासाठी, या ठिकाणी, लायक आणि तयार असा इथला कामगार उपलब्ध नाही, आणि परका माणूस घेतल्याने इथल्यांच्या पगाराला, कामाच्या परिस्थितीला धक्का लागत नाही. २८ मार्च २००५ पासून हे काम ज्या पद्धतीने चालतं तिला 'पर्म' म्हणतात. अनेकांना वाटतं पर्म म्हणजे पर्मनंट. नाही हो, ते एका संगणकीय कार्यक्रमाच्या लांबलचक नावाचं लघुरूप आहे. योगायोग मात्र सोयीचा.

सुरुवात पगारापासून. तुमच्या कामाचं वर्णन, शिक्षणाची आणि अनुभवाची अट लिहून कामगार खात्याकडे पाठवायची. ते त्या भागातला त्या कामाचा चालू पगार ठरवून देतात, चार पायऱ्यांपैकी एका पायरीवर. जितकी अट मोठी तितकी पायरी वरची. मालक हौसेने लिहितात, 'पाच वर्षं अनुभव, तीन जणांवर देखरेख', आणि मग आकडा आला की डोक्याला हात लावतात. ठरलेल्या आकड्याच्या खाली एक डॉलरही देऊ करता येत नाही.

आता काकांचा पोरगा. चार वर्षांत तो तुमच्याकडे बरंच शिकला, खरं ना? मग तुम्ही म्हणणार, जाहिरातीत 'चार वर्षांचा अनुभव' टाकू. चालणार नाही. त्याला घेतलंत तेव्हा त्याच्याकडे तो अनुभव नव्हता. म्हणजे अनुभव नसलेला माणूस घेऊन तुमचं काम भागलं होतं. मग तीच सवलत इथल्या माणसाला का नाही? असा खात्याचा साधा प्रश्न असतो, आणि त्याला उत्तर नसतं. सहसा नवं पद जुन्या पदापेक्षा निम्म्याहून अधिक वेगळं असेल तरच तुमच्याकडचा अनुभव मोजता येतो.

पगार ठरला की जाहिरात. राज्याच्या रोजगार कार्यालयात तीस दिवसांची नोंद. तुमच्या स्वतःच्या कार्यालयाच्या दर्शनी भागात सलग दहा कामाचे दिवस सूचना लावायची, त्यात पगारही लिहायचा. आणि दोन वेगवेगळ्या रविवारी छापील वर्तमानपत्रात जाहिरात. होय, छापील. आज सॉफ्टवेअरची नोकरी शोधणारा पोरगा रविवारी सकाळी पेपर पसरून शाईने गोल करत बसतो, असं नियम अजूनही धरून चालतो. पदवी लागणारं काम असेल तर याशिवाय दहा मार्गांपैकी आणखी तीन: कंपनीची वेबसाइट, नोकरीची संकेतस्थळं, कॉलेजचं प्लेसमेंट ऑफिस, रेडिओ वगैरे. स्थानिक किंवा एखाद्या समाजाचं वर्तमानपत्रही चालतं.

त्या रविवारच्या चौकटीवरून एक खटला घडलाय. एका कंपनीने दोन्ही रविवारी जाहिरात दिली होती, कात्रणं होती, सगळं होतं. फक्त फॉर्मवर टंकताना एक तारीख चुकली आणि ती सोमवारची पडली. अर्ज फेटाळला. २००६ साली खात्याच्या अपील मंडळाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, टंकनाच्या चुकीसाठी इतकी शिक्षा बरी नव्हे, अशा अर्थाने. कंपनी जिंकली आणि पुढच्याच वर्षी खात्याने नियम केला: अर्ज दाखल झाल्यावर दुरुस्ती नाही. १६ जुलै २००७ पासून तो लागू आहे. म्हणून सांगतो, कॅलेंडर समोर ठेवूनच फॉर्म वाचा. मी स्वतः एका ठिकाणी सूचना लावली आणि मधली सुट्टी दहा दिवसांत मोजून बसलो. एका दिवसासाठी सगळं पुन्हा करावं लागलं, आणि आमचे साहेब महिनाभर माझ्याशी फक्त ईमेलवर बोलत होते.

जाहिरातीनंतर अर्ज येतात, आणि खरा पेच तिथे सुरू होतो. हा पेच कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मी बोलतो. तुम्ही ज्या पदाची जाहिरात देता त्यावर माणूस आधीच बसलेला आहे. कायदा सांगतो, इथला लायक उमेदवार मिळाला तर अर्ज पुढे नेता येणार नाही. म्हणजे मालक बाजारात उभा राहून माणूस शोधतोय, आणि मनात म्हणतोय, देवा, कुणी मिळू नको. हा विरोधाभास कायद्याच्या पोटातच आहे. पण त्यातून पळवाट काढली की पाय घसरतो.

मोठ्यांचे घसरलेले पाय बघा. फेसबुकवर न्याय खात्याने डिसेंबर २०२० मध्ये दावा लावला. आरोप असा की २,६०० हून अधिक पदं त्यांनी तात्पुरत्या व्हिसावरच्या, ज्यांचं ग्रीन कार्ड करायचं होतं अशा माणसांसाठी राखून ठेवली. एरवी नोकऱ्या वेबसाइटवर टाकतात, पण या नाही टाकल्या, आणि अर्ज टपालाने मागवले. परिणाम असा की ९९.७ टक्के पदांना इथल्यांचा एकतर एकही अर्ज नाही किंवा फक्त एक. २०२१ मध्ये तडजोड झाली: ४७.५ लाख डॉलर दंड आणि ९५ लाखांपर्यंत भरपाई. २०२३ मध्ये अ‍ॅपलनेही अशाच आरोपांवर अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. दोघांनी एरवी करतात तशी भरती केली असती तर एवढा पैसा वाचला असता. तुमचीही कसोटी हीच: एरवी नोकरी जशी जाहीर करता तशीच ही करा.

आणि आलेले अर्ज कोण बघणार? छोट्या कंपनीत तांत्रिक मुलाखत घेणारा एकच असतो, आणि तो असतो आपला साताऱ्याचा पोरगा! त्याने त्या अर्जांना हातही लावायचा नाही. वकिलानेही नाही, तो एरवी तुमच्या मुलाखती घेत नसेल तर. मालकाने स्वतः बसायचं, फोन करायचे, कुणाला का नाकारलं ते लिहून ठेवायचं. नाकारण्याचं कारण कामाशी निगडित हवं. थोड्या प्रशिक्षणाने जे जमेल त्यासाठी नाकारता येत नाही. आणि 'इथला कामगार' म्हणजे फक्त गोरा अमेरिकन नव्हे. नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित, आश्रय मिळालेले, सगळे त्यात येतात. गंमत अशी की तुमच्या जाहिरातीला उत्तर देणारा बहुधा हैदराबादचा किंवा पुण्याचाच निघतो, ज्याला गेल्या वर्षी याच रस्त्याने ग्रीन कार्ड मिळालंय. तो लायक निघाला तर तुम्हाला थांबावं लागतं.

मागे बसलेल्या ताईंचं हॉटेल आहे, त्यांनी आधीच चिठ्ठी पाठवली होती. त्यांना पुरणपोळी आणि थालीपीठ येणारा आचारी हवाय. आचाऱ्याच्या कामाला पदवी लागत नाही, म्हणून ते वरचे तीन मार्ग नाहीत; नोंद, सूचना आणि दोन रविवार पुरे. पण जाहिरातीत 'मराठी बोलता येणं आवश्यक' लिहिलंत तर गरज सिद्ध करावी लागेल. गिऱ्हाईक मराठी आहे हे पुरेसं नाही, गिऱ्हाईक भटारखान्यात येत नाही.

दुसरी चिठ्ठी: "भाचा चालेल का?" आपल्याकडे मामाने भाच्याला आणणं म्हणजे पुण्यकर्म. फॉर्म मात्र थेट विचारतो, मालकाशी नातं आहे का. नातं लपवायचं नाही. नातं असलं म्हणून अर्ज आपोआप बाद होत नाही, पण पद खरोखर सगळ्यांना खुलं होतं का, भाच्याच्या हातात कंपनीचा किती कारभार आहे, त्याने पैसे गुंतवलेत का, हे सगळं तपासलं जातं. पाच माणसांच्या कंपनीत भाचा भागीदार असेल तर मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

पैशांचं सांगतो. या पर्म अर्जाला सरकारी फी नाही. पण जाहिरातींचा खर्च आणि या टप्प्यावरच्या वकिलाची फी मालकानेच द्यायची, २००७ पासून. कर्मचाऱ्याच्या पगारातून हळूच कापून घेणं बेकायदा आहे, आणि मला माहीत आहे की काही ठिकाणी ते चालतं. दाखला मिळाला की तो १८० दिवस जिवंत असतो. तेवढ्यात इमिग्रेशनकडे आय-१४०, म्हणजे या माणसाला ग्रीन कार्डासाठी पात्र धरा असा मालकाचा अर्ज, करायचा. तिथे विचारतात, पर्म अर्ज दाखल केल्या दिवसापासून हा पगार द्यायची तुमची ऐपत होती का. आणि मग आपल्या मंडळींची पंचाईत होते, कारण टॅक्स वाचवायला नफा इतका कमी दाखवलेला असतो की कागदावर कंपनी उपाशी दिसते. कर्मचाऱ्याला तेवढा पगार आधीपासून प्रत्यक्ष देत असाल तर सोपं. नाहीतर सीएशी आधी बोला.

आता काकांचा मूळ प्रश्न, किती दिवस. पगार ठरायला काही महिने, जाहिरातीला दोन-तीन महिने, आणि हल्ली खात्याच्या निर्णयाला वर्ष उलटून जातं. त्यानंतर रांग. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात बायकामुलं धरून. एका देशाला सात टक्के. ज्या दोन गटांत आपली बहुतेक माणसं येतात त्यातल्या प्रत्येकात भारताच्या वाट्याला साधारण २,८०० येतात. आइसलँडलाही तीच मर्यादा आणि भारतालाही तीच. म्हणून भारतात जन्मलेल्याची रांग दहा वर्षांच्याही पुढे जाते. पासपोर्ट बदलला तरी जन्माचा देश बदलत नाही.

त्या रांगेत पोराचं लग्न होतं, मुलं होतात, आईवडील साताऱ्यात म्हातारे होतात. तुम्ही कंपनी एडिसनहून डॅलसला हलवलीत तर पर्म पुन्हा करावं लागतं, कारण ते ठिकाणाला बांधलेलं असतं. आय-१४० मंजूर झालेला असेल तर रांगेतली जुनी तारीख टिकते, एवढाच दिलासा.

एच-वन-बी, म्हणजे कामाच्या तात्पुरत्या व्हिसाची, सहा वर्षं संपत आली की लोक माझ्याकडे धावत येतात. पुढे मुदतवाढ हवी तर पर्म अर्ज दाखल होऊन ३६५ दिवस झालेले असावे लागतात, किंवा आय-१४० मंजूर असावा लागतो. मागे मोजत जा. काका, तुमच्या पोराची चार वर्षं झालीत ना? या आठवड्यातच त्याच्या कामाचं वर्णन लिहायला बसा. आणि ते त्याला लिहायला सांगू नका. तो बिचारा स्वतःचंच वर्णन लिहील.