काळा वाडगा आणि त्याचा आवा

पडद्यावर दिसत असलेला हा काळा वाडगा क्योतोच्या राकू पद्धतीचा आहे. जपानी चहाविधीत हिरव्या चहाची बारीक पूड अशा वाडग्यात गरम पाणी घालून बांबूच्या छोट्या रवीने घुसळतात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांनी चोजिरो या कारागिराकडून असे वाडगे घडवून घेतले, तेव्हा जपानच्या प्रतिष्ठित घरांत चिनी आणि कोरियन वाडग्यांचा मोठा मान होता.

राकू वाडगा चाकावर चढत नाही. मातीच्या जाड चकतीच्या कडा तळहातांनी हळूहळू उभ्या करतात आणि माती थोडी सुकली की लोखंडी पात्याने ती आतून-बाहेरून तासतात. त्यामुळे काठ एकसारखा राहत नाही. भिंत मात्र जाड राहते आणि गरम चहाने भरलेला वाडगा दोन्ही तळव्यांत निश्चिंत धरता येतो. काळ्या झिलईसाठी कामो नदीतले दगड कुटून बारीक करतात व त्या झिलईचे एकावर एक अनेक हात देतात.

खरी गंमत पुढे, भाजणीत आहे. जपानमधल्याच बिझेन या कुंभारकामाच्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांत लाकडाच्या धगीवर ढीगभर भांडी दिवसेंदिवस भाजली जातात, तर काळ्या राकूच्या लहानशा आव्यात एका वेळी एकच वाडगा जातो. भोवती कोळसा रचून भाता चालवतात आणि झिलई वितळून चकाकू लागली, की लालबुंद वाडगा लांब सांडशीने थेट बाहेर ओढतात. तो झपाट्याने निवतो, म्हणूनच हा गडद काळा रंग येतो. आव्यातच सावकाश निवू दिला, तर झिलईतले लोह तपकिरीकडे झुकते. सांडशीच्या पकडीचा हा व्रण पाहा. तो कोणी घासून काढत नाही, उलट जाणकार तो आवर्जून शोधतात.

तापलेले भांडे असे बाहेर ओढण्याची रीत त्याच काळात मिनो प्रांतातही होती, पण तिथली भांडी पुढे शेजारच्या सेतो गावाच्या नावावर जमा झाली. १९३० मध्ये कुंभार आराकावा तोयोझो यांनी नागोयात बांबूच्या कोंबाचे चित्र असलेला शिनो, म्हणजे जाड पांढऱ्या झिलईच्या जातीचा एक जुना वाडगा पाहिला आणि त्याच्या बुडाला चिकटलेल्या मातीवरून, तो सेतोचा नसावा अशी त्यांना शंका आली. त्यांनी मिनोतल्या मुताबोरा येथील पडक्या भट्टीची जागा धुंडाळली, तर तिथे बांबूच्या कोंबाचेच चित्र असलेले खापर हाती लागले. शिनो भांडी मिनोतच भाजली जात होती, हे त्या तुकड्याने सिद्ध केले. शिनोचा ‘उनोहानागाकी’ हा वाडगा आज जपानचा राष्ट्रीय ठेवा असून तो तोक्योच्या मित्सुई स्मृती संग्रहालयात आहे.

क्योतोत चोजिरोपासून चालत आलेल्या राकू घराण्याची सोळावी पिढी आता काम करते आहे. या घराण्यात बाप मुलाला झिलईची कृती सांगत नाही. ती ज्याची त्याने शोधायची असते. माती मात्र मागच्या पिढ्यांनी खणून साठवलेली मिळते, आणि आजच्या पिढीने खणलेली माती पुढच्यांसाठी मुरत ठेवली जाते.