खडे घरी जातात, पिशवी कुठे जाते?

(दृश्य : सकाळ. तलावपाळी, मग गोखले रोडची गर्दी.)

ठाण्यातली सकाळ. या गर्दीतून एक दुचाकी नौपाड्यातल्या लॅबकडे निघाली आहे. मागच्या पेटीत घट्ट झाकणाचे 5 डबे आहेत. प्रत्येकात फॉर्मॅलिन, म्हणजे अवयव कुजू न देणारं द्रव, आणि त्यात काल कुणाच्या तरी पोटातून काढलेलं पित्ताशय.

(दृश्य : डबे टेबलावर. लेबलांवरची नावं झाकलेली.)

ऑपरेशननंतर नातेवाइकांच्या हातात एक छोटी बाटली येते. तिच्यात खडे असतात. ते घरी जातात, मोजले जातात, शेजारपाजारी दाखवले जातात. पण ज्या पिशवीत ते वर्षानुवर्षं होते, ती कुठे गेली? हे फार कमी जण विचारतात. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आज हे ऑपरेशन गावोगाव होतं, आणि पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातो. ऑपरेशन सोपं झालं म्हणून पिशवीची तपासणी टाळायची नसते. खर्च वाचवायचाच असेल तर दुसरीकडे वाचवा.

(दृश्य : ग्रॉसिंगचं, म्हणजे अवयव उघडून तुकडे घेण्याचं टेबल. कात्री.)

लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम आधी लांबी मोजतात. साडेआठ सेंटिमीटर. मग कात्री बुडापासून मानेकडे चालते आणि गडद हिरवं पित्त ट्रेमध्ये पसरतं. पिशवी बंद राहिली तर फॉर्मॅलिन आत नीट पोचत नाही आणि आतलं अस्तर पित्तानेच खराब होतं. म्हणून ती लवकर उघडायची.

(दृश्य : पाण्याची धार. अस्तर जवळून.)

निरोगी अस्तर मखमलीसारखं दिसतं. इथे त्यावर बारीक पिवळे ठिपके आहेत. हे साचलेलं कोलेस्टेरॉल. डॉक्टर याला स्ट्रॉबेरी गॉलब्लॅडर म्हणतात, आणि पाहिल्यावर नाव पटतं.

आता बोटं भिंतीवरून फिरतात. भिंत एरवी 3 मिलिमीटरच्या आत असते. बुडाजवळ एका जागी ती जाड लागते आहे. तिथला तुकडा घेतला. शिवाय मानेचा, मधल्या भागाचा आणि नळी जिथे कापली त्या टोकाचा.

(दृश्य : कॅसेटवर, म्हणजे तुकडा ठेवायच्या छोट्या जाळीदार डबीवर, पेन्सिलने नंबर.)

पेन्सिलच, कारण शाई पुढे अल्कोहोलमध्ये धुऊन जाईल आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या नावावर जाईल. रात्रभर मशीन चालतं. अल्कोहोल तुकड्यातलं पाणी काढतं, झायलीन अल्कोहोल काढतं आणि त्या जागी वितळलेलं मेण शिरतं.

(दृश्य : मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप काढायचं यंत्र. मेणाची रिबन कोमट पाण्यावर.)

मेणात बसवलेल्या तुकड्याचा हा काप 4 मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. टेक्निशियन दादा रिबन ब्रशने उचलतात आणि पाण्यावर सोडतात. सुरकुती पडली तर काप फुकट. त्यांचा श्वाससुद्धा बेताने चाललेला असतो.

(दृश्य : काचपट्ट्या रंगात बुडतात.)

हिमॅटॉक्सिलिन हा झाडाच्या लाकडातून मिळणारा रंग. त्याने पेशीची केंद्रकं निळी होतात. इओसिनने बाकी सगळं गुलाबी.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून.)

इथे अस्तर घड्या पाडत स्नायूच्या थरात उतरलं आहे. या खळग्यांना रोकिटान्स्की-अशॉफ सायनस म्हणतात. जुनाट सुजेत ते नेहमी दिसतात आणि त्यांची भीती नाही. पण कर्करोगाच्या ग्रंथीही अशाच स्नायूत घुसतात. फरक पेशींच्या मांडणीत आणि केंद्रकांच्या आकारात असतो. उघड्या डोळ्यांना नुसती जाड भिंत दिसते. सोनोग्राफीत तर कधी कधी केवळ खडेच दिसलेले असतात. संशय आला तरच पिशवी तपासावी, असं म्हणणारे आहेत. पण संशय यायला काही दिसावं तर लागतं!

(दृश्य : दुसरी काचपट्टी.)

ही दुसऱ्या डब्यातली. कर्करोग स्नायूत उतरला आहे. अस्तराच्या लगतच्या थरातच थांबला असता, तर झालेलं ऑपरेशन बहुधा पुरलं असतं. आता यकृताचा शेजारचा भाग आणि लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) काढण्याचा विचार करावा लागेल.

(दृश्य : काउंटर. रिपोर्ट न्यायला आलेले काका.)

काकांनी सोबत खड्यांची बाटलीही आणली आहे. मॅडमना दाखवायला.