तिरंगा घेऊन चाललेला डॉक्टर

नमस्कार श्रोतेहो. खेळ सुटल्यावर पुढं काय, हा प्रश्न घरात खेळाडू असलेल्या प्रत्येक आईबापाला पडतो. त्याचं एक उत्तर आज सांगतो: गावाच्या आरोग्याचं नियोजन. या कामात खेळाडू हवेत, असं माझं ठाम मत आहे. ते झालं डॉ. तालिमेरेन आओ यांच्यामुळं.

आओ नागा टेकड्यांतल्या चांगकी गावचे. वडील धर्मोपदेशक. १९३५ साली ते विषमज्वरानं, म्हणजे टायफॉइडनं गेले. मुलानं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. मुलगा कोलकात्याला कारमायकेल मेडिकल कॉलेजात शिकायला गेला आणि तिथल्या मोहन बागान क्लबकडून फुटबॉल खेळू लागला.

मग आलं १९४८. लंडन ऑलिंपिक, स्वतंत्र भारताचं पहिलं! संचलनात तिरंगा कुणाच्या हाती? आओंच्या. फुटबॉल संघाचे कप्तान कोण? आओच. ३१ जुलैला इलफर्डच्या मैदानावर गाठ पडली फ्रान्सशी. आपले बहुतेक गडी अनवाणी! फ्रान्सनं गोल केला, आपल्या रामननं तो फेडला. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या. हो, दोन्ही! आणि ८९व्या मिनिटाला फ्रान्सचा दुसरा गोल. अनवाणी का खेळता, असं पत्रकारांनी विचारल्यावर आओ म्हणाले, आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल! असं सांगतात. आर्सेनल क्लबनं करार देऊ केला होता, असंही सांगतात. पण आओ परत आले. १९५० साली एमबीबीएस झाले, पुढं कोहिमाच्या रुग्णालयात लागले आणि थेट नागालँडचे आरोग्य सेवा संचालक झाले. देशाचा फुटबॉल कप्तान, अख्ख्या राज्याचा आरोग्य संचालक! १९७८ साली निवृत्त झाले.

वडील ज्या आजारानं गेले, तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. तो रोखायला डॉक्टर लागतोच, पण आधी नियोजन लागतं. सामन्याची तयारी कैक महिने आधी सुरू होते, हे खेळाडूला सांगावं लागत नाही. साथीचंही तसंच. जुलैत जुलाब सुरू झाल्यावर धावपळ करायची, की मे महिन्यातच गळक्या पाइपलाइनी दुरुस्त करून टीसीएल पावडरचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचा साठा बघायचा? मे महिन्यात, श्रोतेहो, मे महिन्यात!

आपल्याकडं सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. उत्तम आहे. पण राष्ट्रीय पदक मिळवलेली मुलगी आवक-जावक रजिस्टर भरत बसलेली दिसली की जीव तुटतो. तिनं आरोग्याच्या नियोजनात यावं.

सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत मिळतं. त्यासाठी डॉक्टरच असावं लागतं असं नाही. पदवीधर खेळाडूंनो, डॉक्टरच असावं लागत नाही! आणि फॉर्म भरायच्या आधी एकदा आपल्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडं जा. मागच्या पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण कुठल्या वस्तीत जास्त होते ते विचारा, मग त्या वस्तीत जाऊन पाणी कुठून भरतात ते बघा. नमस्कार.