डावोरिन येंको : वाद्यवृंदाच्या खुर्चीतून दोन देशांच्या गीतांपर्यंत

1835 साली, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या आणि आज स्लोव्हेनियात मोडणाऱ्या द्वोर्ये या खेड्यात जन्मलेल्या आणि पुढे संगीतकार झालेल्या या मुलाचे पाळण्यातले नाव मार्टिन येंको. डावोरिन हे स्लाव वळणाचे नाव त्याने पुढे स्वतःहून घेतले. कायदा शिकण्यासाठी तो व्हिएन्नाला गेला खरा, पण मन रमले ते गाण्यात. 1859 मध्ये त्याने तिथल्या स्लोव्हेन मंडळींचे गायनमंडळ उभे केले आणि पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात सिमोन येंको या कवीच्या ‘नाप्रेय, झास्तावा स्लावे’ या कवितेला चाल लावली. प्राटर उद्यानात फिरताना ही चाल सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. ‘कीर्तीच्या ध्वजा, पुढे चल’ असे पुकारणारे ते गीत स्लोव्हेन लोकांनी लवकरच आपले मानले. येंकोचे वय त्या वेळी 24 वर्षे होते.

वकिली मात्र राहूनच गेली. 1862 मध्ये येंको पांचेवो या गावी सर्बियन चर्चच्या गायनमंडळाचा संचालक म्हणून रुजू झाला. हे गाव ऑस्ट्रियाच्या हद्दीत होते, पण सर्बियाची राजधानी बेलग्रेड तिथून जवळच होती. गायनमंडळ म्हणजे त्या काळी फावल्या वेळेचा विरंगुळा नव्हता; ऑस्ट्रियन आणि ऑटोमन (तुर्की) या दोन साम्राज्यांच्या सीमेने विभागल्या गेलेल्या सर्ब समाजाला आपल्या भाषेत, चारचौघांत आणि उघडपणे एकत्र येण्याची ती हक्काची जागा होती. तीन वर्षांनी, 1865 मध्ये, बेलग्रेडच्या गायनमंडळाने त्याला बोलावले आणि ती सीमा ओलांडून तो सर्बियात आला. सर्बियाचे संस्थान तेव्हा स्वायत्त असले तरी ऑटोमन सुलतानाचे मांडलिक होते, आणि शहराच्या किल्ल्यातून तुर्की फौज हलायला अजून दोन वर्षे बाकी होती.

1871 मध्ये राष्ट्रीय रंगभूमीच्या वाद्यवृंदाची सूत्रे येंकोच्या हाती आली आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्याने त्याच नोकरीत काढली. बेलग्रेडच्या प्रेक्षकांना गाण्यांनी भरलेली नाटके फार प्रिय होती. आपल्याकडच्या संगीत नाटकाचा प्रेक्षक तिथे सहज रमला असता. नवे नाटक बसायला घेतले की त्याचे प्रारंभसंगीत, पात्रांची गाणी आणि समूहगीते येंकोने बांधायची, तालमी त्यानेच घ्यायच्या आणि प्रयोगाच्या रात्री वाद्यवृंदासमोरही त्यानेच उभे राहायचे, असा हा खाक्या होता. त्याचे सर्वांत प्रसिद्ध गीत जन्मले तेही या रोजच्या धबडग्यातच.

1872 च्या ऑगस्टमध्ये सर्बियाचा राजपुत्र मिलान सज्ञान होऊन कारभार हाती घेणार होता. त्या सोहळ्यासाठी नाट्यगृहाचे प्रमुख योवान जोर्जेविच यांनी लोकगीतांतला वीर मार्को याच्या तलवारीवर एक नाटक लिहिले. त्यातले एक समूहगीत म्हणजे ‘बोझे प्राव्दे’. न्यायाच्या देवा, आजवर तूच आम्हाला विनाशातून तारलेस, अशी त्याची सुरुवात आहे. जोर्जेविच किंवा येंको राष्ट्रगीत लिहायला बसले नव्हते. त्यांना एका दरबारी प्रसंगाचे नाटक वेळेवर उभे करायचे होते. प्रेक्षकांनी मात्र ते प्रार्थनागीत नाट्यगृहाबाहेर नेले. 1882 मध्ये सर्बिया राज्य म्हणून जाहीर झाल्यावर, शब्दांत राजाचा उल्लेख घालून तेच राष्ट्रगीत ठरवण्यात आले.

त्याच वर्षी येंकोची ‘व्राचारा’ रंगमंचावर आली. सर्बियन ऑपेरेटाचा, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकेचा, आरंभ तिच्यापासून मानला जातो, आणि तिचे मूळ कथानक रुमानियन आहे. मोठा रचनाकार म्हणून विचार केला, तर पुढच्या पिढीतला स्तेवान मोक्रान्यात्स येंकोपेक्षा कितीतरी उजवा ठरतो. येंकोचे बळ त्याच्या सुरावटीत होते. पहिल्याच श्रवणात ओठांवर बसणारी आणि हौशी गळ्यांनाही पेलणारी चाल त्याला साधली होती, आणि गायनमंडळांत घालवलेल्या वर्षांचा त्यात मोठा वाटा असावा. बेलग्रेडची नामवंत अभिनेत्री वेला निग्रिनोवा, मूळची तीही स्लोव्हेनच, त्याची जीवनसाथी होती. 1908 च्या अखेरीस तिचे निधन झाले.

25 नोव्हेंबर 1914 रोजी ल्युब्ल्याना इथे येंकोचा मृत्यू झाला. हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीत होते आणि तो देश त्या घडीला सर्बियाशी लढत होता. आठवडाभरातच, 2 डिसेंबरला, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने बेलग्रेड घेतले, पण ते फार दिवस त्याच्याकडे टिकले नाही.

युद्ध संपल्यावर 1918 मध्ये सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन लोकांचे एक राज्य स्थापन झाले; पुढे त्याचेच नाव युगोस्लाव्हिया झाले. त्याचे राष्ट्रगीत तीन समाजांच्या तीन गीतांचे तुकडे जोडून तयार करण्यात आले, आणि त्यांपैकी दोन चाली येंकोच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या समाजवादी युगोस्लाव्हियाने हे गीत बाजूला ठेवले. आज ‘नाप्रेय, झास्तावा स्लावे’ हे स्लोव्हेनियाच्या सैन्याचे गीत आहे. ‘बोझे प्राव्दे’ला सर्बियाच्या 2006 च्या राज्यघटनेत राष्ट्रगीताचे स्थान मिळाले आहे, राजा उरलेला नसल्यामुळे त्याचा उल्लेख काढून तिथे ‘सर्बियन भूमी’ असे शब्द घातले गेले आहेत, पण चाल येंकोचीच आहे.